शोध आणि पाठलाग

बऱ्हाणपुरास येणारा पाहुणा हटकून मुमताजमहलविषयी विचारतो. ती १६३१ साली याच गावी वारली, तापीपलीकडील आहुखान्यात तिचे शव काही महिने ठेवले होते, हे सांगून त्याला शाही किल्ला आणि कुंडी भंडारा दाखविला की आमचे यजमानपण पुरे होते. परंतु १७७४ साली याच तापीकाठी एक परागंदा पेशवा फौजेसह येऊन राहिला होता आणि त्याच्या मागोमाग पुण्याचे कारभारीही येथवर आले होते, ही हकिकत कोणी विचारीत नाही आणि आम्हीही ती आपण होऊन सांगत नाही. आपल्या घराण्यांपैकी पुष्कळांचे मूळ पुरुष पेशव्यांच्या, शिंद्यांच्या किंवा होळकरांच्या चाकरीनिमित्त या मुलखात आले. तेव्हा ही कथा एका अर्थी आपल्याच घरची आहे, आणि घरच्या अशा गोष्टी पाहुण्यांपुढे काढायच्या नसतात, असा आपला संकोच असावा.

तो संकोच आज बाजूस ठेवण्याचे कारण इतिहासाची उजळणी हे नाही. एक प्रश्न आम्हांस बरेच दिवस अस्वस्थ करीत आला आहे. राजकीय खून झाला म्हणजे सारे राज्य खुन्याच्या मागे धावते. या धावण्याला आपण सहजच न्याय असे नाव देतो. पण अपराध कोणाचा हे शोधून काढणे आणि पळालेल्या माणसाच्या पाठीस लागणे या दोन क्रिया खरोखर एकच आहेत काय? आणि एक नसतील, तर त्यांपैकी कोणती आधी व्हावी?

प्रथम घटना पाहू. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. त्या वेळी नारायणरावांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. गारद्यांचा पगार थकला होता हे निमित्त झाले. त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग, त्याचे साथीदार खरगसिंग व महंमद इसफ, आणि वाड्यातीलच सेवक तुळाजी पवार यांची नावे या कृत्याशी कायमची जोडली गेली. वाड्यात नजरकैदेत असलेले चुलते रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, त्यानंतर थोड्याच अवधीत पेशवाईच्या वस्त्रांचे धनी झाले.

या ठिकाणी रामशास्त्री प्रभुणे पुढे येतात. शास्त्रीबोवांच्या वागण्याचा जो भाग आपण शाळेत शिकलो, तो त्यांच्या निर्भयतेचा. राज्यकर्त्यालाच त्याच्या तोंडावर देहान्ताचे प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून निघून गेले. ही निर्भयता थोर खरीच. आम्हांस मात्र त्यामागील क्रम अधिक मोलाचा वाटतो. शास्त्रीबोवांनी आधी चौकशी केली. खून कोणाच्या हातांनी झाला, त्या हातांना हुकूम कोणाचा होता आणि त्या हुकुमाचा लाभ कोणास झाला, हे त्यांनी तपासले, आणि मग दोष कोणाचा ते सांगितले. त्यांच्यापाशी फौज नव्हती. दोषी कोठे पळालेलाही नव्हता. तो गादीवर बसला होता. पाठलागाचा प्रश्नच नव्हता. शोध मात्र पूर्ण झाला होता.

त्या शोधाचे फळ काय निघाले हेही पाहण्यासारखे आहे. या कटात दोषी ठरलेल्यांची संख्या इतिहासकारांनी ४९ दिली आहे. त्यांत १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभू आणि ७ मराठे होते. लोकांच्या तोंडी मात्र आजही 'गारद्यांनी मारले' एवढेच आहे. गारदी म्हणजे बाहेरचा, पोटासाठी बंदूक धरणारा. त्याच्यावर खून टाकला की घर स्वच्छ राहते. दुसरीकडे 'ध' चा 'मा' करण्याची आख्यायिका घराघरांत पोचली. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले आणि ते आनंदीबाईंनी केले, असे आपण आजीच्या मांडीवर ऐकले. सबंध कटाचा भार एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर टाकून समाज मोकळा झाला. ४९ माणसांची यादी लक्षात ठेवणे कठीण. एक अक्षर लक्षात ठेवणे सोपे. लोकस्मृतीही एक प्रकारचा पाठलागच करते, आणि जो सहज हाती लागेल त्यालाच धरते.

आता खरा पाठलाग. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मंडळींनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. दादासाहेब तेव्हा मोहिमेवर बाहेर होते. त्यांच्या पाठीस फौजा लागल्या. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपुराजवळ कासेगावी लढाई झाली. तीत दादासाहेबांचा जय झाला आणि त्रिंबकराव पेठे यांचा अंत झाला. तथापि १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दादासाहेबांच्या गादीवरील हक्काचा आधारच गेला. ते उत्तरेकडे वळून बऱ्हाणपुराकडे आले. हे शहर व अशीरगड १७६० च्या उदगीरच्या तहाने निजामाकडून पेशव्यांकडे आलेले होते. म्हणजे फरारी आपल्याच राज्याच्या वेशीवर उभा होता. शिंदे आणि होळकर मध्यस्थ झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सखारामबापू आणि नानाही बोलणी करण्यासाठी बऱ्हाणपुरास आले.

या प्रसंगापाशी आम्ही वाचकांस क्षणभर थांबविणार आहोत. शास्त्रीबोवांच्या निर्णयाने ज्याला देहान्त सांगितला, त्याच्याशी त्या निर्णयाचे नाव घेणारे कारभारी आमच्या गावी वाटाघाट करू पाहतात. खुनाचा गुन्हेगार आता राजकारणातील एक पक्ष झाला. त्याच्यापाशी फौज होती, इंग्रजांकडे जाण्याची वाट होती. म्हणून त्याच्याशी बोलावे लागत होते. सुमेरसिंगापाशी यांतले काही नव्हते, म्हणून त्याच्याशी बोलण्याचे कारणही नव्हते.

बोलणी फिसकटली आणि दादासाहेब गुजरातेत निघून गेले. गरोदर आनंदीबाई धार येथे राहिल्या; तेथे जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह झाला आणि एका घरातील खुनाचे रूपांतर परक्या सत्तेशी युद्धात झाले. पुरंदरचा तह, वडगाव, आणि अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह. त्या तहाने दादासाहेबांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते कोपरगावी येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारले. त्यांचे चिरंजीव १७९६ साली पेशवे झाले.

ज्यांच्या हातांनी खून झाला त्यांचे काय झाले? सुमेरसिंग पकडला जाण्यापूर्वीच परमुलखात मेला. खरगसिंग व तुळाजी पवार यांनी हैदरअलीकडे आश्रय घेतला होता. १७८० च्या सुमारास पुणे दरबार व हैदर इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. त्या काळी हैदराने या दोघांना पुण्याच्या स्वाधीन केले आणि त्यांना हालहाल करून मारण्यात आले. एकाच गुन्ह्यातील हाताला यातनांनी मरण आले आणि डोक्याला दोन वर्षांनी तनखा मिळाला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. नाना फडणिसांपुढे तान्हा पेशवा, फुटीर सरदार आणि दारात इंग्रज अशी स्थिती होती. वर्षानुवर्षे चाललेले युद्ध एका माणसाच्या नेमणुकीने मिटत असेल, तर हजारो शिपायांचे प्राण वाचविणे हाच धर्म नव्हे काय? शिवाय, मुख्य अपराध्याला शिक्षा करता आली नाही म्हणून प्रत्यक्ष तलवार चालविणाऱ्यालाही सोडावे, असे कोण म्हणेल?

आम्हीही तसे म्हणत नाही. तुळाजीचा अपराध दादासाहेबांच्या तनख्याने कमी होत नाही. सालबाईचा तह शहाणपणाचा होता, हेही आम्ही मान्य करतो. आमचे म्हणणे एवढेच की त्या शहाणपणाला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखावे. ते राजकारण होते. तुळाजी सापडला कारण त्याला आश्रय देणाऱ्याचा मतलब बदलला. दादासाहेब वाचले कारण त्यांना आश्रय देणाऱ्याशी तह करणे भाग पडले. दोघांच्या अपराधाचे माप या दोन्ही निकालांत कोठेच आले नाही. पाठलाग नुसता आपल्या वेगाने चालला की असे होते. ज्याची किंमत संपली तो पकडला जातो आणि ज्याला किंमत आहे त्याच्याशी बोलणी होतात. अशा वेळी एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे आधी झालेला शोध. रामशास्त्र्यांचा निर्णय अमलात आला नाही, पण तो निर्णय म्हणून राहिला. कोपरगावचा तनखा त्याला पुसू शकला नाही. आज अडीचशे वर्षांनी आपण दादासाहेबांना दोषी म्हणतो ते पाठीस लागलेल्या फौजांमुळे नव्हे, त्या एका चौकशीमुळे.

या हकिकतीत तिसराही एक पक्ष आहे. पाठलाग करणारा आणि पळणारा यांखेरीज, ज्याच्या दाराशी पळणारा येतो तो. त्याचा धर्म कोणता?

आम्ही ज्या सिंधीपुऱ्यात राहतो त्याचे नावच या प्रश्नाची आठवण देते. सोळाव्या शतकात सिंधेतील घराणी आपला मुलूख सोडून फारूकी सुलतानांच्या या शहरी आली, त्यांत सूफी होते, विद्वान होते, आणि त्यांच्या वस्तीस सिंधीपुरा नाव पडले. पुढे त्याच गल्ल्यांच्या आसपास आपली मराठी घरेही वसली. आश्रय देणे ही या शहराची जुनी रीत आहे आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. पण संकटग्रस्ताला आसरा देणे आणि रक्ताने हात माखलेल्याला आसरा देणे यांत फरक करावयाचा की नाही?

आपल्या पुराणांतील शिबी राजाची कथा येथे उपयोगी पडते. ससाण्याच्या भयाने कपोत राजाच्या मांडीवर येऊन बसला. शिबीने त्याला अभय दिले, एवढेच आपण सांगतो. पुढचा भाग अधिक सूक्ष्म आहे. ससाण्याने आपला हक्क मागितला तेव्हा राजाने तो खोटा ठरविला नाही. मागणे रास्त आहे हे मानून त्याने स्वतःच्या अंगाचे मांस तोलून दिले. आश्रयाचे मोल आश्रय देणाऱ्याने भरावयाचे असते. हैदराने आणि मुंबईकर इंग्रजांनी मोल घेतले ते आश्रिताकडून आणि आश्रितावर. एकाने मैत्रीच्या बदल्यात आश्रित देऊन टाकला, दुसऱ्यांनी साष्टी आणि वसईच्या बदल्यात तो जवळ ठेवला. त्याला आश्रय म्हणणे कठीण. ती गहाणवट होती.

यहुद्यांच्या धर्मग्रंथातही या प्रश्नाचा विचार आहे. ज्याच्या हातून मनुष्यहत्या झाली त्याला पळून जाता यावे म्हणून सहा नगरे राखून ठेवावीत, अशी आज्ञा तेथे आहे. मृताचे आप्त सूड घेण्यास मागे लागले तरी त्या नगराच्या वेशीच्या आत त्यांना हात उगारता येत नाही. पण हे अभय पंचांपुढे चौकशी होईपर्यंतच. बुद्ध्या खून केल्याचे ठरले तर वेशीचा उपयोग नाही. नकळत घडल्याचे ठरले तर आश्रय कायम. आम्हांस ही मर्यादा फार समंजस वाटते. आश्रय शोधाला वेळ देतो, म्हणून तो पुण्यकर्म आहे. शोध पूर्ण झाल्यावरही जो आश्रय चालू राहतो तो अपराधातील भागीदारी होऊ लागतो. आणि शोध होण्यापूर्वीच जो पाठलाग सुरू होतो तो शिकारीपेक्षा फार वेगळा नसतो.

कोणी म्हणेल, ही जुन्या राजेरजवाड्यांची गोष्ट. कायद्याचे राज्य आले आणि हा घोटाळा मिटला. तसे झाले नाही. कायद्याच्या राज्यातील पाठलाग कसा असतो ते पुण्याने १८९७ साली पाहिले.

२२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचे अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच गेले. रँड ३ जुलैला वारले. प्लेगच्या तपासणीत घरांत शिरलेल्या सोजिरांच्या वर्तनाने शहर आधीच पोळलेले होते. मारेकरी कोण याचा पत्ता नव्हता. मग सरकारने काय केले? २०,००० रुपयांचे इनाम लावले. शहरावर जादा पोलीस बसविले आणि त्यांचा खर्च रहिवाशांवर टाकला. नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली, खटल्याशिवाय, बंदीत ठेवले. टिळकांवर 'केसरी'तील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला भरून १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा दिली. यांपैकी कोणीही त्या रात्री पिस्तूल झाडले नव्हते. खुनी सापडत नव्हता, म्हणून सापडेल त्याला सरकार धरीत होते. न सापडलेल्याचा राग सापडलेल्यावर काढणे ही पाठलागाची पहिली विकृती.

दुसरी विकृती इनामात होती. गणेश शंकर द्रविड आणि त्याचा भाऊ रामचंद्र यांच्या माहितीवरून दामोदर हरी चापेकर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात रानावनांतून वणवण करीत होते. तेही पुढे हाती लागले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. त्याच मे महिन्यात ८, १० आणि १२ तारखांना वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण फासावर चढले. दोन खुनांचा पाठलाग संपला तोवर आणखी सहा माणसे गेली होती, आणि त्यांत एका आईचे तीन मुलगे होते.

चापेकरांच्या कृत्याविषयी आपल्या मनात जो आदर आहे त्याची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. द्रविड बंधूंविषयी मात्र एक प्रश्न विचारला पाहिजे. त्यांनी जे सांगितले ते खोटे नव्हते. तरीही मराठी भाषेने त्यांना साक्षीदार म्हटले नाही, फितूर म्हटले. का? आपल्या बाजूच्या माणसांना त्यांनी पकडून दिले, हे एक उत्तर. पण आम्हांस वाटते की ते पुरे नाही. खऱ्याला भाव ठरवून दिला की ते खरे असले तरी साक्ष राहात नाही. तो माल होतो. सांगणाऱ्यालाही ते कळते आणि ऐकणाऱ्यालाही. समजा, निरपराध कोणी फासावर जात आहे हे पाहून एखाद्याने काही न घेता खऱ्या कर्त्याचे नाव सांगितले असते, तर ते सांगणे दुःखाचे झाले असते, पण हीन झाले नसते. सरकारने वीस हजारांचा आकडा छापून अशा माणसाची वाटच बंद केली. त्यानंतर जो कोणी खरे सांगेल तो पैशासाठी सांगतो असेच मानले जाणार होते.

आम्ही महसूल खात्यात होतो. फरारी आरोपीची जप्ती, म्हणजे इकडे ज्याला कुर्की म्हणतात ती, पोलिसांचीच बाब आहे असे पुष्कळांना वाटते. जमीन साऱ्याची असली तर ती कलेक्टरमार्फत होते, आणि कागद खाली उतरत उतरत तहसीलीत व पटवाऱ्याकडे येतो. असे कागद आमच्या हातून गेले आहेत. रीत कायदेशीर असते आणि बहुधा आवश्यकही. माणूस हजर होत नाही तर त्याला हजर करण्याचा दुसरा उपाय कोणता? परंतु अंगणात पंचनामा चालू असतो तेव्हा ज्याच्या नावाचा कागद आहे तो माणूस सोडून बाकी सारे तेथे असतात. म्हातारी आई असते, बायको असते, दावणीला जनावर असते. पाठलागाची झळ नेहमी प्रथम तेथे लागते. हे जाणून जो अंमलदार कागदावर सही करतो तो कागदातील मर्यादा पाळतो. हे जो विसरतो त्याला जप्ती हीच शिक्षा वाटू लागते.

अंमलदार विसरला तर वर कोणी विचारणारा असतो. जमाव विसरला तर कोण विचारणार? १९४८ ची आठवण आपल्या पिढीस वडीलधाऱ्यांकडून मिळाली आहे. २० जानेवारीला दिल्लीत महात्माजींच्या प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागच्या जागी पकडला गेला. त्याच्या जबानीतून पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाकडे बोट जात होते. मध्ये दहा दिवस होते. १९६६ साली नेमलेल्या कपूर आयोगाने पुढे या दहा दिवसांची तपासणी केली. दिल्ली आणि मुंबई यांच्या दरम्यान माहिती कशी रेंगाळली, हे त्या अहवालात वाचताना सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाची मान खाली जाते. जेव्हा शोधाची गरज होती तेव्हा धावपळ नव्हती. ३० जानेवारीनंतर धावपळ झाली ती मात्र शोधाची वाट न पाहता. मारेकरी जागीच धरला गेला होता. तरीही पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत त्याच्या जातीची म्हणून असंख्य घरे पेटविण्यात आली. त्या घरांतील माणसांनी मारेकऱ्याचे तोंडही पाहिलेले नव्हते. ज्या महात्म्यासाठी हा क्रोध होता, त्याला तो कधीच मान्य झाला नसता. आणि खटल्यातील तीन फरारी, ग्वाल्हेरकडचे गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा, कधीच सापडले नाहीत. हजारो निरपराधांपर्यंत पाठलाग पोचला. या तिघांपर्यंत पोचला नाही.

तिन्ही प्रसंग एकमेकांपुढे ठेवले म्हणजे आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. शोध आणि पाठलाग या दोन क्रिया वेगळ्या आहेत आणि त्यांच्या प्रकृतीही वेगळ्या आहेत. शोधाला शांतता लागते, नावे लागतात, आणि तो ४९ जणांना ४९ जण म्हणूनच मोजतो. पाठलागाला घाई असते. त्याला एखादा चेहरा, एखादी जात, एखादे शहर पुरते. पाठलाग नको असे नाही. तो नसेल तर शोध कागदावर राहतो. पण त्याने शोधाच्या मागून चालावे, त्याच्या आज्ञेत चालावे, आणि शोधाने ज्याचे नाव घेतले नाही त्याच्या उंबऱ्यापाशी थांबावे.

नव्या कायद्यातही हा विचार डोकावतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, फरार घोषित झालेल्या आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालविण्याची तरतूद आली आहे. आरोप निश्चित झाल्यावर ९० दिवस थांबावे लागते आणि आरोपीस सरकारी खर्चाने वकील द्यावा लागतो. गैरहजर माणसाचा न्याय कितपत न्याय्य होऊ शकतो याविषयी शंका घेण्यास जागा आहे, आणि जाणकारांनी ती घ्यावी. तथापि, माणूस सापडो वा न सापडो, दोष कोणाचा हे आधी नीट ठरले पाहिजे, ही त्यातील धारणा रामशास्त्र्यांना परकी वाटली नसती.

राहिला आपल्यासारख्या गृहस्थांचा प्रश्न. आपल्या हाती फौज नाही, तहनामा नाही, आयोग नाही. पण दार सर्वांना आहे आणि जीभही सर्वांना आहे. भेदरून आलेल्याला पाणी द्यावे, बसवावे, आणि कोणाच्या हातून काय घडले ते चौकशीपुढे सांगण्यास त्याच्याबरोबर जावे. ठाऊक असेल ते इनामाची वाट न पाहता सांगावे आणि ठाऊक नसेल ते जमावाच्या भीतीने सांगू नये. नातवंडांना गोष्ट सांगताना एका अक्षरावर आणि एका बाईवर सारे ढकलून मोकळे होऊ नये. तेरा, सव्वीस, तीन आणि सात हा हिशेब त्यांच्याकडून पाठ करून घ्यावा. त्या हिशेबात आपल्यापैकी प्रत्येकाच्या आळीतला कोणी ना कोणी आहे, हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे.